काळ्या पडद्यावरचं टपाल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्यात मी निर्यातीची कागदपत्रं बघतो. भिंतीपलीकडं माग चालू असतात आणि अलीकडं मी इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिलाचा तपशील, बी.एल.चे (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती) मसुदे करत बसलेला असतो. हे सगळं काम मेलवर चालतं. परदेशातला ग्राहक, न्हावा शेव्याचा कस्टम एजंट, जहाजाचं बुकिंग करणारा फॉरवर्डर, कार्टनवाला, लेबलवाला, सगळ्यांशी बोलणं मेलमधूनच. फोनवर काहीही ठरलं तरी शेवटी "एक मेल टाका" हे आलंच.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझ्या हातून एक चूक झाली. ग्राहकाचं गोदाम बदललं होतं आणि बी.एल.वर नवा पत्ता घालायला त्यांनी मेलने कळवलं होतं. मेल संध्याकाळी सव्वासहाला आला. मसुदा मंजूर करायची मुदत सातपर्यंत होती. माझ्यासमोरचा लॅपटॉप दोन जीबी रॅमचा, त्यात ब्राउझरमध्ये मेलचं पान उघडायला चार-पाच मिनिटं जायची. पान उघडलं तेव्हा एकाच विषयाखाली बावीस मेल घडी घालून ठेवलेले होते. मी वरचा वाचला, खालचा वाचला, घडीच्या आतला राहून गेला. मसुदा मंजूर केला आणि घरी गेलो. जहाज सुटल्यावर चूक कळली. दुरुस्तीचे पैसे भरावे लागले. मालक मला एका शब्दानंही बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

पुढच्याच महिन्यात गड्ड्याच्या यात्रेला भाची आली. ती पुण्यात सर्व्हर सांभाळण्याचं काम करते. सिद्धेश्वराच्या काठ्यांची मिरवणूक बघून आम्ही परतलो आणि मला एक मेल टाकायचा होता म्हणून मी घरी आणलेला ऑफिसचा लॅपटॉप उघडला. ती शेजारी येऊन बसली.

"मामा, एवढा वेळ लागायलाय उघडायला?"

"अगं, रोजचंच आहे हे."

"मेल म्हणजे नुसता मजकूर असतो की. पाच-दहा केबीचा. पानावरचं बाकीचं सगळं सामान उतरवण्यात वेळ जायलाय तुमचा."

मग तिने स्वतःच्या लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडली. त्यात ओळीखाली ओळ, प्रत्येक ओळीत तारीख, पाठवणाऱ्याचं नाव, आकार, विषय. एक कळ दाबली की मेल उघडतो, दुसरी दाबली की बंद होतो. माउसला हात नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं होत होतं. प्रोग्रॅमचं नाव मट. मायकेल एल्किन्स नावाच्या माणसानं तो 1995 मध्ये लिहायला घेतला. आपल्याकडं विदेश संचार निगमनं सामान्य माणसाला इंटरनेट दिलं ते त्याच वर्षी, 15 ऑगस्टला. त्या काळी निगमचं स्वस्तातलं शेल अकाउंट घेतलं की नुसता मजकूरच दिसायचा आणि लोक पाइन नावाच्या अशाच एका प्रोग्रॅममध्ये मेल वाचायचे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या संगणकावर जे पळत होतं, ते माझ्या जुन्या लॅपटॉपवर पळायला काहीच अडचण नव्हती.

मालकांना विचारलं. मेलचं जीमेलवरचं खातं ऑफिसचं, त्यामुळं त्यांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नव्हता. ते म्हणाले, "जुनं काही पुसलं जाणार नसेल तर करा." भाचीनं सुट्टीचे दोन दिवस त्याला दिले. पहिल्यांदा लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली घातली, हलका डेस्कटॉप ठेवला. मग माझ्याकडूनच टाइप करून घेतलं. "मी करून दिलं तर मी गेल्यावर बंद पडलं की बसाल तसंच," असं म्हणाली, आणि ते खरं होतं.

समजायला सगळ्यात जड गेली ती एक गोष्ट. ब्राउझरमध्ये मेल आणणं, दाखवणं आणि पाठवणं एकाच ठिकाणी होतं. इथं तीन कामांना तीन प्रोग्रॅम. आणण्याचं काम एमबीसिंककडं, दाखवण्याचं मटकडं, पाठवण्याचं एमएसएमटीपीकडं. पहिल्या दिवशी हे मला उगाच वाढवलेलं काम वाटलं. पण आमच्या कारखान्यातही वार्पिंग, म्हणजे उभे धागे गुंडाळणं, एका खात्यात, विणकाम दुसऱ्यात आणि शिलाई तिसऱ्यात असते. शिलाईत गोंधळ झाला तर कोणी मागापाशी जाऊन शोधत नाही. पुढं जेव्हा जेव्हा काही अडलं तेव्हा अडचण कुठल्या खात्यातली आहे हे पाच मिनिटांत सापडायचं, ते या वाटणीमुळं.

पासवर्डचा टप्पा आधी सांगतो, कारण पुष्कळ जण इथंच सोडून देतात. आपला नेहमीचा जीमेलचा पासवर्ड अशा बाहेरच्या प्रोग्रॅमला चालत नाही. 30 मे 2022 पासून गुगलनं नुसत्या नाव-पासवर्डावर आत सोडणं थांबवलं आहे. खात्यावर आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची, मग त्या प्रोग्रॅमपुरता वेगळा अॅप पासवर्ड मागून घ्यायचा. तो सोळा अक्षरांचा असतो आणि चार-चार अक्षरांचे गट पाडून एकदाच दाखवतात. तो फाइलमध्ये उघडा लिहून ठेवायचा नाही, हे भाचीनं दोनदा बजावलं. जीपीजी या प्रोग्रॅमनं कुलूपबंद केलेल्या फाइलीत तो ठेवला आणि आणण्याच्या व पाठवण्याच्या दोन्ही प्रोग्रॅमना तिथून घ्यायला सांगितलं.

मग मेल उतरवणं. सर्व्हरचं नाव, पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर) 993, आपलं खातं, आणि आपल्या डिस्कवरचा फोल्डर, एवढं एका फाइलीत लिहायचं आणि एमबीसिंकला सोडायचं. संध्याकाळी साडेआठला सोडलं. ऑफिसच्या खात्यात 2007 पासूनचे मेल होते, सगळे मिळून नऊ जीबी. रात्री अकराला बघितलं तर अकरा जीबी झाले होते आणि अजून चालूच. मी घाबरलो. सकाळी उठून भाचीनं फोल्डर बघितले आणि तिला कारण सापडलं. जीमेलमध्ये लेबलं असतात, फोल्डर नसतात, पण बाहेरच्या प्रोग्रॅमला प्रत्येक लेबल फोल्डर म्हणून दिसतं. एक मेल इनबॉक्समध्ये, तोच 'ऑल मेल'मध्ये, तोच ग्राहकाच्या लेबलात. आम्ही तिन्हीकडून उतरवत होतो. कोणते फोल्डर घ्यायचे त्या ओळीत 'ऑल मेल'च्या आधी उद्गारचिन्ह घातलं, म्हणजे तो वगळायचा, आणि उतरवलेलं पुसून पहिल्यापासून सुरू केलं. हे करणाऱ्यांनी ही ओळ आधीच लिहावी. माझी एक रात्र यात गेली.

दुसऱ्या रात्री पहाटे तीनला लाइट गेली. राउटर बंद, जोडणी तुटली, आणि लॅपटॉपची बॅटरीही संपून गेली. मला वाटलं आता अर्धेमुर्धे मेल पडले असतील. तसं काही झालेलं नव्हतं. इथं प्रत्येक मेल म्हणजे एक स्वतंत्र फाइल असते. ही पद्धत डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या आपल्या प्रोग्रॅमसाठी काढली. तीन फोल्डर असतात: एक तात्पुरता, एक नव्या मेलचा, एक बघून झालेल्यांचा. मेल आधी तात्पुरत्यात पूर्ण लिहिला जातो आणि पूर्ण झाल्यावरच पुढं सरकवला जातो. मध्येच लाइट गेली तर अर्धा तुकडा तात्पुरत्यात पडून राहतो, बाकी काही बिघडत नाही. एमबीसिंक कुठवर आलं होतं याची नोंद ठेवतं, त्यामुळं लाइट आल्यावर राहिलेल्या ठिकाणाहून पुढं चालू झालं. जिथं कधीही लाइट जाते अशा ठिकाणी ही रचना किती उपयोगाची आहे, हे सांगायला मला दुसरं उदाहरण लागत नाही.

त्या फाइली मी नुसत्या बघत बसलो होतो. नावाच्या शेवटी अक्षरं लागलेली असतात: वाचलेल्या मेलला एस, उत्तर दिलेल्याला आर, खूण केलेल्याला एफ. मोबाइलवर एखादा मेल वाचला आणि परत येऊन एमबीसिंक चालवलं, की इथल्या फाइलीच्या नावाला एस लागलेला असतो. सतरा वर्षांचा पत्रव्यवहार माझ्या टेबलावरच्या डिस्कवर, एक पत्र एक फाइल, ऑफिसातल्या कपाटात फाइली लावाव्यात तसा. पेन ड्राइव्हवर उतरवून मालकांच्या तिजोरीत एक प्रत ठेवली. आतापर्यंत हे सगळं दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर होतं आणि आम्ही ते बघायची परवानगी मागत होतो.

कळा पाठ व्हायला आठवडा लागला. जे आणि के खाली-वर नेतात, एम दाबलं की नवा मेल, आर म्हणजे उत्तर, जी म्हणजे सगळ्यांना उत्तर. डी दाबल्यावर मेल पुसला जाईल अशी भीती होती, पण नुसती खूण होते. डॉलरचं चिन्ह दाबेपर्यंत किंवा बाहेर पडेपर्यंत यू दाबून ती काढता येते. एल दाबून अट घातली की तेवढेच मेल उरतात, म्हणजे अमुक ग्राहकाचे किंवा गेल्या सात दिवसांतले. आणि ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं करत होतो ती इथं मिळाली: एकाच विषयाचे मेल झाडासारखे दिसतात. कोणी कोणाला उत्तर दिलं ते बाणानं दाखवलेलं, प्रत्येक मेलची स्वतंत्र ओळ, न वाचलेल्यापुढं एन. घडी कुठं नाही. बावीस मेल असतील तर बावीस ओळी दिसतात.

मराठीनं मात्र मला महिनाभर छळलं, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण कुठंच नीट लिहिलेलं मिळत नाही.

आमच्या ऑफिसात परदेशी व्यवहार इंग्रजीत, पण कारखान्यातला मराठीत. आमचे मागांवर देखरेख करणारे जॉबर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, घरी तेलुगू बोलतात, पण लिहितात मराठी. कुठल्या मागावर काय अडलं, कुठलं सूत संपत आलं, हे ते मोबाइलवरून मेलनं कळवतात. त्यांचा पहिला मेल मी मटमध्ये उघडला तर ओळभर प्रश्नचिन्हं. त्याचं कारण सोपं निघालं. डेबियन बसवताना लोकेल, म्हणजे भाषेची आणि लिपीची निवड, नीट केलेलं नव्हतं. मराठीचं यूटीएफ-8 (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) लोकेल चालू केलं आणि अक्षरं दिसायला लागली. पण दिसली ती मोडकी. 'विणकाम'ची वेलांटी गोलात लोंबकळत वेगळी, 'ट्रक'मधला र पाय मोडून शेजारी. टर्मिनल, म्हणजे ती काळी खिडकी, हा मूळचा चौकटींचा कागद, एका चौकटीत एक अक्षर. देवनागरीला हे जमत नाही. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण संगणकाच्या हिशेबात ती चार चिन्हं आहेत: क, हलन्त, ष आणि वेलांटी. यूटीएफ-8 मध्ये त्यांचे बारा बाइट होतात. वेलांटी लिहिली जाते शेवटी आणि दाखवायची असते पहिली. चौकटी मोजणाऱ्या टर्मिनलला हे उमगत नाही.

तीन-चार टर्मिनल बदलून बघितली. एक्सटर्म तर देवनागरीसाठी निरुपयोगीच. शेवटी केडीईच्या कन्सोल या टर्मिनलवर, नोटो सान्स देवनागरी हा फाँट लावून, वाचण्याजोगं दिसायला लागलं. यादीतले रकाने अजूनही मराठी विषय आला की थोडे सरकतात, कर्सर कधीकधी अक्षराच्या पुढं-मागं दिसतो. त्याची सवय झाली. लिहिताना बॅकस्पेस दाबलं की आधी मात्रा जाते, मग अक्षर. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करणाऱ्याला हे ठाऊकच असतं.

एक दिवस अण्णांचा मेल फाइल म्हणून थेट उघडला. विषयाच्या ओळीत मराठी नव्हतीच. बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-8, बी आणि पुढं इंग्रजी अक्षरांची लांबलचक माळ. मी भाचीला फोन केला. तिनं सांगितलं ते मला फार आवडलं. मेल पाठवण्याचा नियम, एसएमटीपी, 1982 मध्ये ठरला तेव्हा फक्त सात बिटांची इंग्रजी अक्षरंच धरलेली होती. पुढं 1992 मध्ये माइम आलं, आणि इतर लिप्यांना इंग्रजी अक्षरांच्या वेषात पाठवायची सोय झाली. त्यामुळं अण्णांनी लिहिलेलं 'सूत संपलं' आजही इंग्रजी अक्षरांच्या माळेत बसून प्रवास करतं आणि माझ्याकडं येऊन पुन्हा मराठी होतं. जोडलेल्या फाइलींचंही तेच होतं, म्हणून त्या मूळ आकारापेक्षा साधारण एक तृतीयांशानं फुगतात. अठरा एमबीचा फोटोंचा गठ्ठा पंचवीस एमबीच्या मर्यादेत जेमतेम का बसतो, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

मेल पाठवायची जोडणी तुलनेनं लवकर झाली. पोर्ट 587, जोडणी सुरक्षित करायची एक ओळ, खातं. पहिल्यांदा चालवलं तर एमएसएमटीपीनं कामच करायला नकार दिला. पासवर्डची तात्पुरती ओळ मी चाचणीसाठी त्या फाइलीत लिहिली होती, आणि ती फाइल संगणकावरच्या दुसऱ्या वापरकर्त्यालाही वाचता येत होती. ज्याची फाइल आहे त्याच्याशिवाय कोणालाच वाचता येऊ नये, म्हणजे परवानगी 600, असं केल्यावरच ते पुढं गेलं. चाचणीची ओळ नंतर काढून टाकली. या बाबतीत प्रोग्रॅम अडून बसतो ते चांगलंच आहे.

माझी जुनी खोड म्हणजे 'सोबत पॅकिंग लिस्ट जोडली आहे' असं लिहून जोडायचं विसरणं. मटमध्ये यावर उपाय आहे. मजकुरात अमुक शब्द असतील आणि काहीही जोडलेलं नसेल तर पाठवण्याआधी तो विचारतो. मुळात त्याला इंग्रजी शब्दच ठाऊक होते. मी त्यात 'सोबत' आणि 'जोड' हे दोन शब्द घातले. जोडले, जोडली, जोडत, सगळ्यांत 'जोड' आहेच. दुसऱ्याच दिवशी अण्णांना मालाचा तक्ता पाठवताना त्यानं मला थांबवलं. काळ्या पडद्यावर मराठी शब्द ओळखून तो थांबला, याचा मला जो आनंद झाला तो मी घरी जाऊन सांगितला.

शिवाय पाठवायच्या आधी एक पान येतं. कोणाला, प्रत कोणाला, विषय काय, काय काय जोडलंय, ओळीनं. वाय दाबलं की जातं. ब्राउझरमध्ये मी हे कधीच एका नजरेत बघितलं नव्हतं. आता वाय दाबायच्या आधी नावं बोटानं मोजतो.

मे महिन्यातली एक दुपार सांगतो. बाहेर त्रेचाळीसच्या वर ऊन. दोनच्या सुमारास लाइट गेली आणि माग थांबले. माग थांबले की कारखान्यात जी शांतता होते ती नव्या माणसाला घाबरवते. ऑफिसचं इंटरनेटही गेलं. त्याच्या दहाच मिनिटं आधी एका जुन्या ग्राहकाचा मेल उतरला होता: 2019 च्या ऑर्डरीला वॉश केअर लेबल कुठल्या मापाचं मंजूर केलं होतं, तेच आताही हवंय, आजच कळवा, छपाईला द्यायचंय. पूर्वी मी लाइट येईपर्यंत बसून राहिलो असतो. आता मेल माझ्या डिस्कवर होते. शोधासाठी नॉटमच नावाचा प्रोग्रॅम बसवलेला आहे, तो सगळ्या मेलची सूची तयार ठेवतो. ग्राहकाचं नाव, 2019 साल आणि लेबल हा शब्द दिला. सात मेल आले. चौथ्यात मंजुरी होती आणि सोबत 180 केबीची पीडीएफ. इंटरनेटशिवाय, बॅटरीवर, घाम पुसत, हे व्हायला अर्धा मिनिट लागला.

उत्तर लिहिलं, पीडीएफ जोडली, वाय दाबलं. जोडणी नसल्यानं मेल रांगेत जाऊन बसला. एमएसएमटीपीसोबत रांगेची एक छोटी स्क्रिप्ट मिळते, ती भाचीनं लावून दिलेली. मग मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून मी खिडकीपाशी गेलो, तिथं एक-दोन काड्या रेंज येते. रांग सोडली. सगळं मिळून अडीचशे केबी. गेलं. तेवढ्या रेंजवर मेलचं वेब पान उघडलंही नसतं. लाइट पावणेपाचला आली, तोवर ग्राहकाचं 'मिळालं' असं उत्तर येऊन पडलं होतं.

इंग्रजीत शोध सरळ आहे. मराठीत शोधताना माझ्या लक्षात आलं की आपली भाषा शब्द बदलून टाकते. अण्णांच्या मेलमध्ये 'सूत' शोधलं तर 'सूत संपलं' सापडतं, पण 'सुताचा भाव' सापडत नाही, कारण तिथं दीर्घ ऊकार ऱ्हस्व झाला. संगणकाला सू आणि सु ही दोन वेगळीच अक्षरं. 'टॉवेल'पुढं तारका लावली की टॉवेलचा, टॉवेलांना, सगळे येतात. 'दोरा' मात्र 'दोर' आणि तारका लावूनही पूर्ण येत नाही, कारण 'दोऱ्याचा'मधला अर्धा ऱ हा साध्या र पेक्षा वेगळं चिन्ह आहे. म्हणून मी मराठी शोधाची एक छोटी वही केली आहे. सूत किंवा सुत, दोरा किंवा दोऱ्या, मूळ रूप आणि सामान्यरूप दोन्ही, मध्ये 'किंवा'साठीचा इंग्रजी शब्द. शाळेत बाईंनी घोकून घेतलेली सामान्यरूपं वयाच्या पन्नाशीला अशी कामाला आली.

सगळंच या खिडकीत होत नाही. टॉवेलवरच्या डागांचे किंवा तुटलेल्या लूपचे फोटो आले की ते वेगळ्या खिडकीत उघडावे लागतात. बँकेचे रंगीबेरंगी मेल डब्ल्यू3एम हा प्रोग्रॅम मजकुरात बदलून देतो, पण कोष्टकं विस्कटतात. मीटिंगचं आमंत्रण स्वीकारायला मी अजून मोबाइलच घेतो. स्पॅमचा फोल्डर मी उतरवत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा ब्राउझरमध्ये जाऊन तिथं एखादा खरा मेल अडकलाय का ते बघतो. एकदा नव्या ग्राहकाची चौकशी तिथं सापडली होती. ऑफिसातल्या दुसऱ्या दोघांना मी हे घ्या म्हणून आग्रह केला नाही. त्यांचे संगणक नवे आहेत आणि दिवसाला दहा मेल येतात. ज्याच्याकडं रोज शंभर मेल येतात, मशीन जुनं आहे आणि लाइटचा भरवसा नाही, त्यानं मात्र दोन सुट्ट्या घालवून हे जरूर करावं.

सध्या एक वेगळंच काम हाती घेतलंय. 2007 ते 2011 पर्यंतचे मराठी मेल उघडले की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. ते मेल मोठ्या मालकांचे, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांचे. ते आता नाहीत. ते युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप करायचे, ज्यात इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवलेलं असायचं. फाँट असेल तर मराठी, नसेल तर चिवडा, आणि टर्मिनलला तो फाँट लागतच नाही. पण मेल माझ्याकडं फाइल म्हणून आहेत, त्यामुळं ते बदलता येतात. भाचीनं एक छोटी स्क्रिप्ट लिहून पाठवली. कुठल्या इंग्रजी चिन्हाला कुठलं मराठी अक्षर, असा तक्ता मी भरतो, ती मजकूर बदलते. वेलांटीची अडचण झाली. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडात नंतर. रफाराचं बरोबर उलटं. अशी प्रत्येक वेलांटी उचलून एक अक्षर पुढं, प्रत्येक रफार उचलून एक अक्षर मागं. जोडाक्षर आलं की स्क्रिप्ट चुकते, मग हातानं नीट करतो. मूळ फाइलीला हात लावत नाही, प्रत काढून तिच्यावर काम.

जेवणाच्या सुट्टीत भाकरी आणि शेंगाचटणी आटोपली की रोज दहा-बारा मेल होतात. काल 2008 मधला एक झाला. मोठ्या मालकांनी तेव्हाच्या मॅनेजरला लिहिलेला, चारच ओळी. सहा नंबरच्या मागाचा जकार्ड बदला, किनारीचा हिरवा धागा पाण्यात सुटतोय तो परत करा, रात्रपाळीला चहा वेळेवर जातो का बघा, आणि अण्णाच्या मुलाच्या फीचे पैसे आज द्या. मी तो छापून अण्णांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि सहा नंबरच्या मागाकडं गेले.